ताटाची उजवी बाजू

"अप्पा, किती दुखतंय? बोट ठेवा बघू." सिस्टरने मुलांच्या वॉर्डातलं चेहऱ्यांचं कार्ड माझ्यासमोर धरलं. लकव्यात वाचा गेली म्हणून काय आता मला चित्रं दाखवणार? खांदा नुसता ठणकत होता आणि कार्डावर सगळे हसरे चेहरे! त्यातल्या त्यात कमी हसणाऱ्यावर मी डाव्या हाताचं बोट टेकवलं.

"म्हणजे फारसं नाही," सिस्टर म्हणाली. मी ओरडलो, पण घशातून नुसती घरघर आली.

"जेवणावरही असाच राग काढतात," पलीकडून सूनबाईचा आवाज आला. "रोज घरून डबा आणून ताट वाढते. भाजी-आमटीला हातसुद्धा लावत नाहीत."

खोटारडी! आठवडाभर मला नुसती चटणी-कोशिंबीर वाढतेय, हे मी कुणाला सांगू?

सिस्टर थोडा वेळ माझ्या ताटाकडे बघत राहिली. मग तिने ते गोल फिरवलं. माझ्यासमोर भरली वांगी आली, आमटीची वाटी आली.

"अहो, यांना उजवीकडचं दिसतच नाहीये," ती म्हणाली आणि तिने कार्डही डावीकडे सरकवलं. शेवटचा चेहरा ढसाढसा रडत होता. त्यावर मी बोट दाबून धरलं.

सूनबाई लगबगीने डाव्या बाजूला आली. तिने वांग्याचा घास भरवला. झकास झालंय, पोरी, असं मला म्हणायचं होतं. पुन्हा घरघरच आली.

"बघा ना सिस्टर," ती रडवेली होऊन म्हणाली, "अजून चिडलेतच."