पावतीवरचं नाव

"काका, मुलीला दिव्यांग म्हणून जेवढी सवलत मिळेल, तेवढीच ज्येष्ठ म्हणून तुमच्या नावावरही मिळते," घरपट्टीच्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या. "मग घर मुलीच्या नावावर कशाला चढवताय? उगाच खेपा पडतील."

"माझी सवलत माझ्यासंगती जाईल," पाचूबंदरचा म्हातारा मच्छीमार पास्कल म्हणाला. "आंधळी पोर मागं राहील."

त्याने सहा खेपा घातल्या. सातव्या खेपेला पावतीवर मालक म्हणून रोझलीनचं नाव आलं, आणि खाली दिव्यांगांची सवलतही.

घरी येऊन त्याने पावती लेकीच्या हातात दिली. "उद्या भाऊ-भावजय, कोन पन घराबाहेर हो बोललं, तर हा कागद दाखव."

रोझलीनने कागद चाचपला. "पप्पा, पिशवीत असले पन्नास कागद आहेत. यातला हा, हे मला कसं कळायचं?"

पास्कलने खुंटीला अडकवलेला मासे धरायचा गळ काढला, पावतीच्या कोपऱ्याला तीन भोकं पाडली आणि तिचं बोट धरून त्यांवरून फिरवलं.

"हितं तुझं घर हाय, बाय."