लाल फितीची पिन

पिन निघेना.

डोळ्याला भिंग लावून तो टेबलावर ओणवा झाला होता. समोर दीड वीत लांबीचं लढाऊ विमान, त्यात खुर्ची, खुर्चीवर पट्ट्यांनी बांधलेली वैमानिक. खुर्चीच्या माथ्याशी केसाएवढी पितळी पिन खोवलेली आणि तिला लाल फीत. एरवी चिमटा लावला की पिन सुळकन बाहेर यायची. आज ती ढिम्म हलत नव्हती.

बाहेरच्या खोलीत टीव्ही तेच तेच सांगत होता. सरावाच्या उड्डाणात एक लढाऊ विमान कोसळलं, वैमानिकाबद्दल अजून काही कळलेलं नाही. हवाई तळ भिंगरीचाच होता. विमानही त्याच जातीचं, टेबलावर होतं तसं.

भिंगरी म्हणजे त्यांची लेक. लहानपणी एका जागी टिकायची नाही, म्हणून पडलेलं नाव. ती विमान उडवायला लागली तरी घरात भिंगरीच राहिली. सकाळी तिचा नेहमीचा एका शब्दाचा मेसेज आला होता, ‘निघाले’. उतरल्यावर दुसरा येतो, ‘आले’. तो अजून आला नव्हता, आणि तिचा फोन बंद लागत होता.

तो मॉडेल विमानांचे सुटे भाग बनवायचा. चाकं, वैमानिकासमोरचे काटे-तबकड्यांचे फलक, खुर्च्या. हौशी लोक लांबून मागवायचे, आणि सगळ्यात जास्त खपायच्या त्या या लाल फितीवाल्या खुर्च्या. टेबलावरचं विमान मात्र विकायचं नव्हतं. ते लेकीचं होतं. त्यातल्या चिमुकल्या वैमानिकाच्या हेल्मेटखालून त्याने एक वेणीही काढली होती. गणवेशात असली वेणी चालत नाही बाबा, म्हणून लेक करवादली होती. त्याने ती तशीच ठेवली.

पिनेचं काम काय, हेही लेकीनेच सांगितलं होतं. विमान जमिनीवर असताना खुर्ची चुकून उडू नये म्हणून ती खोवून ठेवतात आणि उड्डाणाआधी आठवणीने काढतात. राहून गेली, तर वर संकटात खुर्चीची मूठ कितीही ओढा, खुर्ची वैमानिकाला घेऊन बाहेर पडत नाही. लेक हे हसत हसत बोलून गेली. बाप काही हसला नाही. तेव्हापासून त्याचा नेम ठरला. ‘निघाले’ आलं की टेबलावरच्या विमानातली पिन काढायची, ‘आले’ आलं की परत खोवायची. मांजर आडवं गेलं म्हणून थांबणाऱ्यांची जन्मभर टिंगल केलेला माणूस हा. बायको म्हणायची, तुम्ही उतारवयात भातुकली मांडलीय.

आज ‘निघाले’ आलं तेव्हा तो साच्यात रेझिन ओतत होता. मध्येच हात थांबवला तर ते घट्ट होऊन बसतं. एवढं ओतलं की काढू, असं म्हणाला आणि साफ विसरला. आठवलं ते बातमी ऐकल्यावर.

त्याने चिमटा पुन्हा लावला. टोक घसरलं.

"नाही निघायची ती," दारातून बायको म्हणाली. "मी चिकटवलीय."

त्याने मान वर केली.

"काल पुसताना खाली पडली. रांगत शोधली मी. सारखी हरवते म्हणून गोंदाचा थेंब लावला."

नको ते बोल त्याच्या अगदी ओठांवर आले होते. पण तिच्याकडे बघून त्याने ते गिळले. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि हातातलं फडकं ती पिळत होती, जणू ते ओलं आहे. भिंगरीला काही झालं, तर ही बाई उरलेलं आयुष्य त्या एका थेंबापाशी बसून काढेल, हे त्याला लख्ख कळलं. त्याने चिमटा खाली ठेवला.

मग तो तिची समजूत घालायला लागला. अगं, खेळणं आहे हे. खऱ्या विमानाचा आणि याचा काय संबंध? तिथे पिना काढायला माणसं असतात, दोनदोनदा बघतात. भातुकली म्हणतेस ना, मग भातुकलीच आहे ही. तो बराच वेळ बोलत राहिला, आणि त्यातलं एक अक्षरही त्याला स्वतःला पटत नव्हतं.

"काढा ती," बायको म्हणाली.

"गोंदाने पक्की धरलीय. ओढली तर सगळंच मोडेल."

"मोडू दे. काढा."

त्याने चिमटा उचलला. हा हात कामात कधी थरथरला नव्हता. आज थरथरायला लागला, तशी ती जवळ आली आणि तिने दोन्ही हातांनी त्याचं मनगट घट्ट धरून ठेवलं. त्याने पिन पकडली आणि ओढली. निघेना. अजून जोर लावला.

कट्‌ असा बारीक आवाज झाला.

पिन निघाली नव्हती. खुर्चीच बुडापासून उखडून आली होती. चिमट्याच्या टोकाला ती लटकत होती, पिनेसकट, लाल फितीसकट, वेणीवाल्या वैमानिकासकट. विमानात खुर्चीच्या जागी नुसता खड्डा राहिला होता.

तेवढ्यात फोन वाजला. नंबर अनोळखी होता. दोघांपैकी कुणाचाही हात पुढे होईना.

"मोडली गं," तो म्हणाला.

बायकोने डोळे पुसले, वाकली आणि रिकाम्या विमानात नीट बघितलं. मग चिमट्याला लटकलेल्या खुर्चीकडे बघितलं.

"मोडली कुठे," ती म्हणाली. "बाहेर पडलीय ती. घ्या फोन."