धूर डावीकडं, निशाण उजवीकडं

साहेबांनी फोटोवर पेन्सिल टेकवली आणि विचारलं, "ही आगबोट कोणती?"

शेषरावनं फोटो पाहिला. फोटोत तो स्वतःच होता. शेजारी बायको भागीरथा, तिच्या कडेवर तीन वर्षांचा देवमन, आणि पुढं डोक्याला रुमाल बांधलेली सात वर्षांची शालू. मागं भलीमोठी आगबोट आणि तिच्या मागं समुद्र. अमरावतीत एवढं पाणी फक्त फोटोतच मिळतं.

"आगबोट नाई जी, साहेब. पडदा हाय थो. जवाहर गेटापाशी अब्दुल गफ्फारचं फोटोचं दुकान हाय, तिथला."

"रजेच्या अर्जात तर तुम्ही पोटशुळानं अंथरुणाला खिळला होता. तसा डॉक्टरचा दाखला आहे."

पोटशूळ खोटा होता, हे शेषरावला कबूल करावं लागलं. ताप शालूला आला होता, मुदतीचा. पण पोरीच्या तापासाठी रजा मिळत नाही, बापाच्या पोटदुखीसाठी मिळते. म्हणून हेडक्लार्क शालिकरामबाबूंच्याच सल्ल्यानं त्यानं पोटशूळ लावून घेतला होता. अर्ध्या कचेरीची पोटं अशीच दुखत. शालिकरामबाबू या वेळी साहेबांच्या खुर्चीमागं उभे होते आणि छताकडं पाहत होते. दुकानाच्या काचेतला हा फोटो साहेबांपर्यंत त्यांनीच आणला होता.

एकवीस दिवस पोरगी तापली होती. शेषराव उशाशी बसून गोष्टी सांगे. राजाराणी संपल्यावर त्यानं साहेबांची गोष्ट काढली. साहेब अकोल्याला असताना बायकोपोरांना घेऊन मुंबईहून रत्नागिरीला आगबोटीनं गेले होते, आणि दर शनिवारी कचेरी सुटायच्या आधी ते कारकुनांनाही तिकडं नेऊन आणत. दोन पुरुष उंच लाटा. बाईसाहेबांना लागलेली बोट. धाकट्याची समुद्रात उडालेली टोपी. कारकुनांना सगळं तोंडपाठ होतं. त्या सफरीचा फोटोही साहेबांच्या टेबलावर असे. पण चौकटीचं तोंड साहेबांकडं आणि पाठ कारकुनांकडं. तेव्हा समुद्र एकट्या साहेबांनाच दिसे.

शालूला राजाराणीपेक्षा ती टोपी आवडली. "बाबा, मी बरी झाली का मले आगबोटीत नेजा."

"नेतो ना," शेषराव म्हणाला. तापातल्या पोरीला नाही म्हणणारा बाप अजून जन्मायचा आहे.

ताप उतरला. सोबत केसही उतरले. मुंबईचं भाडं शेषरावच्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून रुमाल बांधून तो तिला गफ्फारकडं घेऊन गेला. गफ्फारनं नवा पडदा आणला होता. नवा म्हणजे अकोल्याच्या एका बंद पडलेल्या दुकानातला. "मुंबईले काहून जाता, शेषरावभाऊ?" तो म्हणाला. "अकोल्याहून समुंदरच उचलून आनला ना मी." पडदा रंगवणाऱ्यानं समुद्र पाहिलेला नसावा. आगबोटीचा धूर डावीकडं जात होता आणि तिच्यावरचं निशाण उजवीकडं फडफडत होतं. ते शालूनंच पाहिलं. "बाबा, यातला खरा वारा कोनता?" असं म्हणून ती महिन्यात पहिल्यांदा हसली. फोटो इतका छान आला की गफ्फारनं एक प्रत काचेत लावली.

आता त्या हसण्यानंच आपण सुटणार, असं शेषरावला वाटलं. आठ वर्षं तो हंगामी होता. कायम होणाऱ्यांची यादी पुढच्या महिन्यात वर जायची होती, आणि तीत त्याचं नाव होतं. पोटदुखीची ताकीद मिळाली असती. समुद्राची मात्र शिक्षा होती.

"साहेब, दाखवतो मी तुमाले," तो म्हणाला, आणि आठ वर्षांत पहिल्यांदा टेबलाला वळसा घालून साहेबांच्या बाजूला आला. "हे पाहा. धूर इकडं, निशान तिकडं. एका बोटीवर दोन वारे असते का जी?"

एवढं बोलून त्यानं मान वर केली. फोटोपासून वीतभर अंतरावर साहेबांची चौकट होती. चौकटीत साहेब होते, बाईसाहेब होत्या, दोन मुलं होती, आणि मागं आगबोट होती. तिचा धूर डावीकडं जात होता. निशाण उजवीकडं फडफडत होतं. धाकट्याची टोपी डोक्यावर होती.

शालिकरामबाबू पुन्हा छताकडं पाहू लागले.

साहेबांनी चौकट हळूच उचलली आणि टेबलावर पालथी घातली.

"समुद्रावर वारा असाच असतो, शेषराव," ते शांतपणे म्हणाले. "ज्यानं प्रवास केला त्यालाच ते कळतं. गेलो होतो म्हणून लिहून द्या. बाकी मी पाहतो."

"मी सांगीन नाई जी कोनाले," शेषराव म्हणाला.

"काय सांगणार नाही?"

शालिकरामबाबूंनी कागद पुढं सरकवला. "लिवून दे ना बावा. साहेब मोठ्या मनाचे हायेत."

शेषरावनं लिहायला घेतलं. कुठं अडलं नाही. दोन पुरुष उंच लाटा आल्या. भागीरथेला बोट लागली. देवमनची टोपी समुद्रात उडाली. शालूला कुठं बसवावं ते मात्र त्याला सुचेना, कारण साहेबांना मुलगी नव्हती. म्हणून त्यानं तिला कठड्याशी उभी केली आणि रुमाल काढून तिचे केस वाऱ्यावर सोडले.

साहेबांनी कबुलीजबाब दोनदा वाचला. मग शाईचं पेन उघडून खाली शेरा मारला: "वर्णन तंतोतंत खरे आहे, हे मी स्वानुभवाने सांगतो. इसमास कामावरून कमी करावे."