गिऱ्हाइकाला काय कळतंय!

१९८२ साल. डेट्रॉईटच्या एका मोटार कारखान्यात तेवीस वर्षं गाड्या तपासणाऱ्या अर्लीनने त्या दिवशी गाड्या जोडणीचा चालता पट्टाच थांबवला. सुपरवायझर रॉन धावत आला.

"काय झालं?"

"ब्रेकची नळी चाकाला घासतेय, साहेब."

"अहो बाई, गिऱ्हाइकाला वर्षभर तरी कळायचं नाही. सोडा पुढे."

"सोडते. पण मग हीच गाडी तुमच्या लेकीला घ्या. लायसन मिळालंय ना तिला?"

"तिला जपानी गाडी घेतलीय," रॉन बोलून गेला. आजूबाजूच्या कामगारांनी त्याच्याकडे माना वळवल्या.

अर्लीन शांतपणे म्हणाली, "म्हणजे गिऱ्हाइकाला कळलंय की, साहेब!"

रॉन लालबुंद झाला. मग बाह्या सरसावून स्वतःच गाडीखाली शिरला.

"पट्टा बंदच राहू दे," तो आतून ओरडला. "पाना द्या कुणीतरी!"