मुरलेली वाइन

"आलुबुखार," श्रीरंग डोळे मिटून म्हणाला. "मागून काळी मिरी. आणि शेवटी ओली माती. वा! मधू, काय चीज आहे!"

मधुमती ताटं वाढता वाढता खुदकन हसली. लखनौतल्या निशातगंजच्या त्या फ्लॅटमध्ये रविवारी दुपारी मटणाचा वास दरवळत होता. फ्रान्सची लाल वाइन कशाबरोबर प्यायची, ते मुलीने, मृणालने, कागदावर लिहून दिलं होतं. मटण चालेल, तिखट कमी, मासे अजिबात नकोत. साताऱ्याच्या मधुमतीने जन्मात पहिल्यांदाच रश्श्यात तिखट घालताना हात आखडला होता.

बाटली चार वर्षांपूर्वीची. ऑफिसच्या कामाला बोर्दोला गेलेल्या मृणालने आणलेली. "बाबा, लवकर संपवा हं," असं तिने बजावलं होतं, पण ऐकेल तो श्रीरंग कसला! वाइन म्हणजे मुरांबा, जितकी मुरेल तितकी झकास, असं म्हणून त्याने ती स्वयंपाकघरात गॅसच्या बरोब्बर वरच्या माळ्यावर उभी करून ठेवली. लखनौचे चार उन्हाळे तिने तिथेच काढले.

त्यातल्या शेवटच्या उन्हाळ्याआधी श्रीरंगच्या नाकामागे गाठ निघाली. पस्तीस वेळा रेडिएशन झालं. गाठ गेली, पण तिच्याबरोबर वास गेला आणि चवही गेली. "साल भर में लौट आए तो ठीक," डॉक्टर म्हणाले होते, "वरना आदत डाल लीजिए."

श्रीरंगला सगळं भुश्श्यासारखं लागायचं. यांना चव नाही तर मला कशाला हवी, म्हणून मधुमतीने फोडणी देणंच सोडलं. दोघं अळणी पेज प्यायची. श्रीरंग निदान वाटी संपवायचा, ती तेवढंही करेना. पाच महिन्यांत तिचं वजन अकरा किलोंनी उतरलं. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. "भाभीजी, बीमार कौन है आख़िर?" असं शेजारीण विचारायची.

आणि दसऱ्याच्या दिवशी चमत्कार झाला. पेजेचा पहिला घोट घेऊन श्रीरंग ओरडला, "अगं, ही अळणी लागतेय!" मधुमती हसली, रडली, आणि पदर खोचून तिने त्याच दुपारी चिंचगुळाची आमटी केली. त्या दिवसापासून घर पुन्हा जेवायला लागलं. श्रीरंग प्रत्येक घासाला वाहवा करायचा. आज डॉक्टरांचं वर्ष पुरं झालं, म्हणून ही बाटली खाली उतरली होती.

"तूही घे ना घोटभर," श्रीरंगने तिच्यासाठी पेल्यात ओतली.

मधुमतीने घोट घेतला आणि तिच्या अंगावर काटा आला. आंबटढाण. नाकात झिणझिण्या गेल्या. वाइन कसली, नुसतं व्हिनेगर झालं होतं त्याचं. सिंकचे डाग काढायला ती असलंच वापरायची.

"अहो, हे तर..." म्हणता म्हणता तिची नजर मृणालच्या कागदावर गेली. त्यावर चवही लिहिलेली होती. आलुबुखार, काळी मिरी, ओली माती. त्याच क्रमाने.

परवा करपलेली वांगी त्याने 'काय खमंग झालीत' म्हणत संपवली होती. तिला तेव्हा ते लाडाचं बोलणं वाटलं होतं. चव परत आलीच नव्हती. आणि आज वर्ष संपलं होतं.

"अहो, तुम्हाला खरंच..."

श्रीरंग तिच्या तोंडाकडे बघतच नव्हता. तो तिच्या ताटाकडे बघत होता. दसऱ्यापासून रोज बघायचा तसाच.

"थांबलीस का?" त्याचा आवाज घाबराघुबरा झाला. "जेव ना, मधू. पोटभर जेव."

मधुमतीने तोंडातला घोट गिळला. "छान आहे हो वाइन," ती म्हणाली. मग तिने आणखी एक पोळी वाढून घेतली, आणि कशालाच चव लागत नसताना त्याच्यासमोर सगळं ताट संपवलं.