हळूच काढलेला हात

आजोबांनी घरातल्या सगळ्या पोरांना सायकल शिकवली ती एकाच युक्तीने. सीट धरून मागे पळायचं आणि पोराला पत्ता लागू न देता हळूच हात काढून घ्यायचा.

आज धाकट्या नातीची पाळी होती. समुद्राच्या कडेने जाणारा, चालणाऱ्यांचा आणि सायकलवाल्यांचा तो सामाईक रस्ता सकाळच्या उन्हात मोकळाच पडला होता.

"आजोबा, धरलंय ना?"

"धरलंय गं. तू समोर बघ," म्हणत त्यांनी हात काढला आणि ते जागीच थांबले.

नात झोकात निघाली. सायकल जरासुद्धा डुगडुगली नाही. आजोबांना मोठं कौतुक वाटलं. पहिल्याच दिवशी हिचा बाप दोनदा कुंपणात शिरला होता.

"आजोबा, तुम्हाला धाप कशी लागत नाही?" तिने मागे न बघता विचारलं. मग ती खुदकन हसली, उत्तर मिळाल्यासारखी.

आजोबा तर काहीच बोलले नव्हते.

पुढे रस्ता डावीकडे वळत होता. सरळ गेलं की होड्या उतरवायचा उतार आणि खाली खोल पाणी. सायकल वळली नाही.

आजोबा धावत सुटले. "बाळा, ब्रेक दाब. दोन्ही दाब."

"कधीचे दाबलेत," तिचा रडवेला आवाज आला.

चाकं खरंच फिरत नव्हती. सपाट रस्त्यावरून सायकल नुसती फरफटत उताराकडे चालली होती.

"आजोबा, आता ढकलू नका ना."