दारात दोन मिनिटं

पोरानं माझ्या जुन्या ट्रकला टर्बो बसवला आणि त्या दिवसापासून मलाच गाडी चालवायला शिकवायला लागला.

"बाबा, आल्या आल्या इंजिन बंद करू नका! टर्बो तापून लाल असतो. इंजिनाबरोबर त्याचं तेलही थांबतं आणि तो जळतो. दारात दोन मिनिटं चालू ठेवायचं."

मी आपला नेहमीसारखा कोपऱ्यावर इंजिन बंद करायचो आणि उतारावरून ट्रक गुपचूप दारापर्यंत आणायचो. शेवटी टर्बो जळलाच. पोरगा भर गल्लीत माझ्यावर खेकसला, "डोकं गहाण ठेवलंय का? एवढी साधी गोष्ट कळत नाही?"

माझंही डोकं फिरलं. नवा टर्बो बसला, त्याच दुपारी ट्रक धडधडत दारात आणला आणि चालूच ठेवला. आत त्याची तान्ही लेक किंचाळत उठली. पोरगा अनवाणीच धावत आला.

"बंद करा ना! आत्ता कुठे झोपली होती!"

"थांब की दोन मिनिटं!" मी केबिनमधूनच ओरडलो. "कोपऱ्यावर बंद करायची सवय मला तू पाळण्यात होतास तेव्हा लागलीये!"